रविवार कोणाचा? विश्रांती, स्वकरुणा आणि एका सुटीचा इतिहास

विश्रांतीविषयी मराठीत लिहू लागले की पहिली अडचण शब्दांचीच येते. 'विश्रांती' आणि 'विश्राम' या दोन्ही शब्दांच्या पोटात 'श्रम' दडलेला आहे. 'सुटी' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदापासून आलेला. शाळा सुटते, कचेरी सुटते, गिरणी सुटते, आणि त्यांच्याबरोबर माणूसही सुटतो. म्हणजे एका शब्दाला श्रमाची आठवण आहे, तर दुसऱ्याला बंधनाची. पण थकलेल्या माणसाने स्वतःशी ज्या ममतेने वागावे, त्या ममतेला आपल्या रोजच्या बोलण्यात नाव नाही. 'लाड' म्हटले की बिघडण्याची भीती डोकावते, 'कीव' म्हटले की कमीपणा येतो आणि 'आराम' हा शब्द तर नेहमीच 'हराम'च्या यमकाशेजारी उभा केला जातो. दुसऱ्याचा शीण पाहून कळवळणाऱ्याला आपण कनवाळू म्हणतो. स्वतःचा शीण त्याच नजरेने पाहणाऱ्याला मात्र आळशी म्हणून मोकळे होतो.

मानसशास्त्रात या वृत्तीला अलीकडे स्वतंत्र स्थान मिळाले आहे. क्रिस्टिन नेफ या अमेरिकी अभ्यासिकेने २००३ मध्ये स्वकरुणेची जी मांडणी केली, तिच्यात तीन घटक सांगितले: स्वतःशी सौम्यपणाने वागणे, आपले दुःख हे माणसामात्राच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचाच भाग आहे ही जाणीव, आणि त्या दुःखाकडे ते न वाढवता, न दडपता पाहणे. ही मांडणी बौद्ध विचाराच्या ऋणातून आली आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासूनच करावयास सांगितले आहे. या तीन घटकांपैकी दुसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सर्वांत लवकर विसरला जातो. विश्रांतीविषयीचे आजचे बहुतेक लेखन एकट्या माणसाला उद्देशून असते. त्याने किती झोपावे, काय टाळावे, मन कसे शांत करावे, हे त्यात असते. वास्तविक आपल्याकडे 'आम्ही थकतो आणि थकण्यात काही गैर नाही' हे वाक्य जाहीरपणे उच्चारले गेले ते हजारो माणसांच्या सह्या-अंगठ्यांनिशी, एका अर्जात. प्रस्तुत लेख त्या अर्जाविषयी आणि त्यातून निघणाऱ्या काही प्रश्नांविषयी आहे.

१

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभारण्यास घेतली आणि १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागले. पुढच्या तीन दशकांत गिरण्यांच्या चिमण्या वाढत गेल्या. त्यांत राबायला कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. गिरणीत येण्यापूर्वी ही माणसे काही कमी कष्ट करीत नव्हती. पण शेतीच्या कष्टाला ऋतूंची लय असते. पेरणी-कापणीची धांदल असते, तशी मधली उसंतही असते. सणवार, जत्रा, बैलाला विसावा देण्याचा दिवस, हे सारे त्या लयीत बसलेले असते. गिरणीने ही लय मोडली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. विश्रांतीचा ठरलेला दिवस नाही. गिरणी बंद ठेवली तरी यंत्रांच्या साफसफाईसाठी अर्धा दिवस बोलावणे यायचे. थकलेल्या माणसापुढे एकच वाट उरे, ती म्हणजे खाडा. खाडा पडला की मजुरी बुडणार आणि कदाचित कामही जाणार. विश्रांती ही अशा रीतीने कसूर ठरली होती.

१८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा अधिक राबवू नये आणि महिन्यातून चार सुट्या द्याव्यात, असे त्यात होते. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी कायदा मूक होता.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे काम पाहावे लागते. १८४८ मध्ये जन्मलेले लोखंडे रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल झाले. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये परळ भागात सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या नावे एक अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे गेला. त्यातल्या मागण्या आज वाचताना त्यांच्या साधेपणाने मन थबकते. दर रविवारी एक पूर्ण दिवस सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. आणि कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पूर्ण वेतन, कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची तरतूद.

या अर्जात कोठेही दयेचे मागणे नाही, तशी बढाईही नाही. माणसाचे शरीर थकते, दुपारी त्याला भूक लागते, ते यंत्रात सापडू शकते, या तीन गोष्टी मान्य करा, एवढाच त्याचा आशय आहे. स्वतःच्या शरीराविषयी असे निःसंकोच बोलणे ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती.

२

या मागणीला विरोध दोन बाजूंनी झाला. गिरणीमालकांचा विरोध अपेक्षितच होता. हे लोक मनाला येईल तेव्हा गावी निघून जातात, त्यांना वेगळ्या सुटीची गरज काय, असा त्यांचा सूर होता. दुसरा विरोध अधिक विचार करायला लावणारा आहे. त्या काळातल्या बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी कारखाना कायद्यांकडे संशयाने पाहिले. मुंबईच्या स्पर्धेने धास्तावलेल्या लँकेशायरच्या कापडवाल्यांनी आपल्या उद्योगाचे पाय ओढण्यासाठी हा मजुरांचा कळवळा उभा केला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा संशय निराधार नव्हता. लँकेशायरचा दबाव खराच होता आणि १८८२ मध्ये विलायती कापडावरचे आयात शुल्क उठवले गेले, ही घटना ताजी होती. पण या रास्त संशयाचा भार पडला तो साच्यावर चौदा तास उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर. देशाचा उद्योग वाढायचा तर तू थकू नकोस, असेच जणू त्याला सांगितले गेले.

विश्रांती नाकारणारे नेहमी क्रूरच असतात असे नाही. पुष्कळदा ते एखाद्या खऱ्या, मोठ्या ध्येयाच्या नावाने बोलत असतात. देश, कुटुंब, चळवळ, ज्ञान, कला, या साऱ्यांनी आपापल्या सेवकांना कधी ना कधी झोपेवरून बोल लावले आहेत. बाहेरचा मालक ओळखता येतो. ध्येयाच्या रूपाने आत येऊन बसलेला मालक ओळखणे अवघड. आज वर्गातला विद्यार्थी जेव्हा 'सुटीत काहीच केलं नाही' असे खाल मानेने सांगतो, तेव्हा त्याच्याकडून हिशेब मागणारे बाहेर कोणी उभे नसते. तो हिशेब त्याने स्वतःच मांडलेला असतो.

लोखंड्यांनी या पेचातून जी वाट काढली ती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा उपासनेचा वार. मग हिंदू-मुसलमान कामगारांना तो कशाला, या आक्षेपाला रविवार हा खंडोबाचाही वार आहे, हे उत्तर त्यांच्या नावावर सांगितले जाते. महाराष्ट्रातल्या बहुजनांच्या घरी खंडोबाचे स्थान काय आहे, हे वेगळे सांगायला नको. तसेच सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्या माणसाला समाजाचे ऋण फेडायला, शिकायला, विचार करायला एक दिवस हवा, अशी भूमिकाही त्यांच्या नावावर सांगितली जाते. या दोन्ही युक्तिवादांत एक गोष्ट नाही. सुटी दिली तर सोमवारी कामगार अधिक सूत काढील, असे येथे म्हटलेले नाही. सुटीचे समर्थन कामाच्या परिभाषेत न करता देव, समाज आणि विद्या यांच्या परिभाषेत केले आहे. आज 'विश्रांती घ्या, कार्यक्षमता वाढेल' असा उपदेश जिकडेतिकडे ऐकू येत असताना हा फरक मोलाचा वाटतो. अधिक राबता यावे म्हणून घेतलेली विश्रांती ही यंत्राला तेल घालण्यासारखी आहे. तिच्यात यंत्राची काळजी असते, माणसाची नसते.

एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली, अशी नोंद आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचे रूप आले. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर बांधले गेले. जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले. आपल्या शिष्याच्या धडपडीचे हे फळ त्यांच्या हयातीतच पदरात पडले होते. लोखंडे स्वतः १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत गेले. पुढच्याच महिन्यात सावित्रीबाईंनाही त्याच साथीने नेले.

३

येथे विजयकथा संपवता आली असती तर बरे झाले असते. परंतु प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना १८९१ च्या कायद्यानेही मर्यादा घातली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताने आपोआप मिळणारी सुटकाही गेली. प्रकाश हे प्रगतीचे चिन्ह मानण्याची आपल्याला सवय आहे; त्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या विणकऱ्याला अंधारच अधिक कनवाळू वाटला असेल. १९११ मध्ये कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची, १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची, १९३४ मध्ये आठवड्याला चोपन्न तासांची मर्यादा आली. अठ्ठेचाळीस तासांपर्यंत येण्यास १९४६ साल उजाडावे लागले. म्हणजे रविवार मिळाल्यानंतर उरलेल्या सहा दिवसांना माणसाच्या मापात आणायला छप्पन्न वर्षे लागली.

मग या सुटलेल्या वेळाचे लोकांनी केले काय? या प्रश्नाचे उत्तर गिरणगावाच्या सांस्कृतिक इतिहासात आहे. भजनी मंडळे, दशावतार, तमाशाचे फड, लेझीम, व्यायामशाळा, गावागावांच्या नावाने चाललेली ग्रामस्थ मंडळे हे सारे रात्रीच्या आणि रविवारच्या उसन्या वेळात उभे राहिले. ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगार रंगभूमी बहरली. अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे याच वस्तीत घडले. सुर्व्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ' असावे, यात या साऱ्या इतिहासाचा प्रतिध्वनी आहे. साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे काही येथे आहे. आपण ज्याला कामगार साहित्य म्हणतो त्याच्या मुळाशी श्रमाचा अनुभव तर आहेच. पण तो अनुभव शब्दांत यायला श्रमाबाहेरचा वेळ लागला, आणि तो वेळ कोणीतरी झगडून मिळवलेला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच विचार तत्त्वाच्या पातळीवर मांडला. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधीजी यांच्यावरील आपल्या ग्रंथात, गांधीवादाची चिकित्सा करताना ते फुरसतीच्या प्रश्नाकडे वळतात. शरीराच्या गरजा भागवणे एवढ्यावर पशूचे जीवन संपते. माणसाचे वैशिष्ट्य मनाच्या मशागतीत, संस्कृतीत आहे. त्यासाठी फुरसत हवी आणि ती सर्वांना मिळायची तर कष्टाचा भार यंत्राने उचलला पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला केवळ कष्टच आले त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला कष्टाचे काव्य परवडणारे नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४५ मधील भरपगारी रजेची तरतूद आणि १९४६ मधील अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा त्याच कारकिर्दीत आली. त्यामुळे त्यांच्या बाबतीत ग्रंथातला विचार आणि कायद्याचे कलम वेगळे काढता येत नाही.

४

एक घर मात्र या सुटीच्या बाहेर राहिले. गिरणीत येणारे कितीतरी पुरुष घरच्या माणसांना गावी ठेवून येत आणि खाणावळीत जेवत. या खाणावळी चालवणाऱ्या बायकांचा रविवार कोणता? गिरणी बंद असली तरी जेवणारी माणसे तीच, चूल तीच. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खाणावळवाल्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची दारे त्यांच्यासाठी उघडली, तोवर त्यांच्या कामाला काम म्हणण्याचीही पद्धत नव्हती. ज्याला कामच म्हटले जात नाही, त्याला सुटी कोठून असणार?

आपल्या वाङ्मयात या बायकांचे थकणे नाही असे नाही. जात्यावरच्या ओव्यांत ते भरभरून आहे. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली बहिणाबाईंची गाणी घरातले आणि शेतातले काम करता करता जुळलेली आहेत. श्रमातच अर्थ शोधण्याची ही रीत थोरच. पण तिचे कौतुक करताना एक सावधगिरी हवी. गाणे सुचले म्हणून जाते हलके झाले, असे कोणीही दळणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय म्हणू नये. कष्टातून काव्य निर्माण होते हे कष्टाचे समर्थन होऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूने, काम नसणे म्हणजेही विश्रांती नव्हे. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावाची अवघी उपजीविका एका कापड कारखान्यावर होती. १९२९-३० च्या सुमारास तो बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ विपुल असूनही गावाच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. पुरुष रस्त्याने हळू चालत, जागोजाग थांबत. दिवसभरात काय केले, हे त्यांना सांगता येत नसे. स्त्रियांचे दिवस मात्र घरकामाने भरलेलेच होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांच्या वस्तीवर अशीच पोकळी उतरली. जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकातले घर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रिकामा वेळ किती जड असतो हे समजावून सांगण्याची गरज नाही. सुटी ही कशातून तरी सुटणे असते. ज्याला कोठे परतायचेच नाही त्याला सुटताही येत नाही.

या इतिहासाकडे पाहताना मला स्वकरुणेचा अर्थ थोडा निराळा दिसू लागतो. ती स्वतःला दिलेली सवलत नाही आणि कर्तव्यातून पळवाटही नाही. आपणही त्याच मातीचे आहोत, आपले शरीरही त्याच नियमाने थकते, ही कबुली म्हणजे स्वकरुणा. आणि ही कबुली एकदा दिली की ती आपल्यापाशी थांबत नाही. जो स्वतःचा शीण ओळखतो त्याला शेजाऱ्याचा दिसतो, रात्री उशिरा भांडी घासणाऱ्या हातांचा दिसतो. उलट, जो स्वतःला झोपू देत नाही तो इतरांच्या झोपेकडेही फारशा आदराने पाहत नाही, हा अनुभव शिक्षणसंस्थांत वावरणाऱ्या आपणा सर्वांना आहे. १८८४ च्या अर्जातले 'आम्ही' म्हणूनच मोलाचे. एकट्याने 'मी थकलो' म्हटले असते तर त्याचा खाडा लागला असता. पाच हजारांनी म्हटले तेव्हा त्याचा वार झाला.

जगण्याचा अर्थ विश्रांतीत आपोआप सापडतो, असा माझा दावा नाही. लोखंड्यांनीही तसे म्हटले नव्हते. त्यांनी मागितला तो फक्त एक दिवस, ज्यात माणूस आपल्या देवाकडे, आपल्या माणसांकडे किंवा एखाद्या पुस्तकाकडे वळू शकेल. तो दिवस भरायचा कशाने, हे त्यांनी ज्याचे त्याच्यावर सोपवले. येत्या रविवारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा किंवा प्रबंधाचे प्रकरण पुढ्यात ओढताना आपण एवढे जरी आठवले की हा दिवस कोणीतरी मागून घेतला होता, तर गठ्ठा अर्धा दिवस तसाच राहू देण्यास फारसे वाईट वाटणार नाही. फक्त त्याच वेळी स्वयंपाकघरात कोण उभे आहे, तेही पाहून यावे.